तीन नंबरचा माउस

माझ्या हातात दोष आहे, हे मला पहिल्यांदा सावंत सरांनी सांगितलं. तेही अगदी सभ्य शब्दांत. म्हणाले, "सुनंदा, तुझ्या हातात क्षार जास्त आहेत." आमचा बा मिठागरावर, आय खाडीत, त्यामुळे क्षार म्हटल्यावर मला आधी काही लागलंच नाही. मिठातल्या माणसाच्या अंगाला मीठ असायचंच, त्यात काय. घरी येताना बांधावरून चालत होते आणि अर्ध्या वाटेत एकदम डोक्यात उजेड पडला, की हा माणूस मला खारट म्हणत नव्हता, घाण म्हणत होता. तिथून पुढचे पंधरा दिवस मी ज्या रागात काढले तो राग आज पन्नाशी उलटल्यावरही मला जसाच्या तसा आठवतो. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. बायका लग्नातला शालू जपून ठेवतात, मी तो राग ठेवलाय.

आमचं घर नायगावला, खाडीच्या अंगाला. आता तिथं टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकात नवव्या मजल्यावर मी राहते. गॅलरीतून खाली बोट दाखवून "इथं आमचा जवळा सुकत पडायचा" असं मी शेजारणीला सांगते, तेव्हा ती नाक मुरडते. ती मुरडते म्हणूनच मी सांगते. तेव्हा दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पडवी आणि पडवीत चूल, एवढाच संसार होता. भरतीच्या वेळी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी आत घ्यायच्या दारातून, पाणी आत घुसायचं, त्याचा गुडगुड आवाज आम्हाला घड्याळाच्या जागी होता. आय खाडीतून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, घेऊन यायची, त्या बुळबुळीत म्हणून राखेत चोळ-चोळ चोळायची, मग चिंचेचा कोळ घालून त्यांचं आंबट करायची. तांदळाची भाकरी, ते आंबट आणि वर भाजलेली सुकट. हे जेवण जेवून मी मोठी झाले आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय तरी अजून संधी मिळाली की जेवते. मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ कमी कर म्हणणाऱ्यानं आधी तिच्या बापाची परवानगी घ्यावी.

खंडेनवमीला बा सगळी हत्यारं धुवून ओट्यावर मांडायचा. कोयता, फावडं, मीठ ओढायची फळी, आयची विळी. सगळीकडे पूजा होते तशीच आमच्याकडेही व्हायची, पण एक गोष्ट आमच्याकडे कटाक्षानं पाळायचे. कुंकू मुठीला लावायचं नाही. जिथं हत्यार कामाला टेकतं तिथं लावायचं, कोयत्याच्या धारेला, फावड्याच्या पात्याला, फळीच्या खालच्या कडेला. बा म्हणायचा, "मूठ आपली, धार देवाची." लहानपणी धारेवरून बोट फिरवताना माझं बोट कापायचं, मग रक्त आणि कुंकू यातला फरक कळायचा नाही आणि आय ओरडायची. तरी दरवर्षी मीच लावायची. घरात थोरली मी होते.

बारावीनंतर मी वसई स्टेशनजवळच्या सावंत सरांच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. औषधाच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिच्यात चार मशीन, चारांवर शिवलेली कापडी खोळ. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत यायचं, आत पाणी प्यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आम्हाला ती खोली देवळाच्या गाभाऱ्यासारखी वाटायची, आणि सरांनाही तशीच वाटावी असं त्यांचं वागणं होतं. ते मूळचे मालवणकडचे. मुंबईतली नोकरी सोडून त्यांनी हा क्लास काढला होता. शिकवायचे मात्र छान. मराठी टाइप, पान जुळवणं, लग्नपत्रिकेची चौकट, गणपतीचं चित्र बरोबर मधोमध बसवणं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं आणि त्यावर मी पुढं आयुष्यभर जेवले. हे लिहिलं नाही तर माझी जीभ झडेल. पण दर रविवारी सुरमई खाणाऱ्या माणसानं माझ्या हाताबद्दल बोलायला नको होतं, हेही लिहिलं नाही तर झडेल.

बानं मला मुदत दिली होती. दिवाळी झाली की मिठागरं चालू होतात, आणि तेव्हा घरातला प्रत्येक हात लागतो. "दिवाली पतूर काम लागला तर ठीक," तो म्हणाला, "नायतर माज्यासंगती मिठाला. मना एकल्याला जमनार नाय आता." तो रागावून बोलला नव्हता. त्याची पाठ गेली होती आणि ते त्याला नुसतं सांगायचं होतं. मिठाच्या कामाला मी कमी लेखत नव्हते. चार हंगाम मी ते केलं होतं, तळपायाला भेगा पडून त्यात मीठ गेलं की काय होतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. पण मला त्या खोलीतल्या तीन नंबरच्या मशीनवर बसून अक्षरं जुळवायची होती. दुसरं काहीही नको होतं. आणि तशी संधी चालूनही आली होती. वसई गावात लोपीस अंकलचा छापखाना होता. पत्रिका, पावतीबुकं, चर्चच्या सणांची पत्रकं, सगळं तिथंच छापलं जायचं. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड उडते, म्हणून त्यांना एक ऑपरेटर हवा होता. दिवाळीआधी ते क्लासला येणार होते. ज्याला परीक्षा द्यायची त्यानं एका तासात एक लग्नपत्रिका करून दाखवायची.

दसरा होऊन दोनच दिवस झाले असतील आणि माझ्या मशीनवरचा बाण बिघडला. कर्सर हा शब्द आम्हाला सरांनी शिकवला होता, पण आम्ही त्याला बाणच म्हणायचो. मी चौकटीची रेघ खाली ओढायला गेले की बाण जागचा हलायचा नाही, जोर केला की उडी मारून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. गणपती उचलून मधोमध ठेवायला जावं तर तो वराच्या नावावर जाऊन पडायचा. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबराचा गोळा असायचा. तो टेबलावर घरंगळायचा आणि त्याच्या जोरावर बाण चालायचा. आता भाची लॅपटॉपवर नुसतं बोट फिरवते, तिला मी हे सांगितलं तर तिला वाटतं मावशी जात्यावरच्या दळणाबद्दल बोलतेय.

मी सरांना सांगितलं. त्यांनी माउस उचलून टेबलावर दोनदा आपटला. खालचं पॅड बदललं. मशीन बंद करून परत चालू केलं. मग स्वतः बसून बघितलं, तर नेमका तेव्हा बाण नीट चालला. हे कुठल्याही दुरुस्तीतलं जुनं दुखणं आहे, दाखवायला गेलं की दुखत नाही. मी परत बसले आणि बाण परत कोपऱ्यात. सरांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग क्षारांचं ते वाक्य बोलले. पुढं असंही म्हणाले, "तुम्हा लोकांचं काम पाण्यातलं, मासळीतलं. ते कातडीत मुरतं. तुझा दोष नाही, पण मशीनला ते चालत नाही." तुझा दोष नाही म्हणून कुणी समजूत घातली की मला आजही कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

त्या रात्री मी चिंच आणि राख घेऊन पडवीत हात घासायला बसले. निवट्या घासतात तसे. मग नारळाची शेंडी घेतली. आय भाकरी थापत होती. तिनं दोन भाकऱ्या होईतोवर बघितलं आणि विचारलं, "काय झाला गो? कोन काय बोलला का?" मी सगळं सांगितलं. तिनं पिठाचे हात झटकले, माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "या हातांनी तू पेपर लिवलास बारावीचा," ती म्हणाली. "कागुद नाय विरघलला तो?" मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. घासून घासून बोटांची सालं निघाली होती. त्या दिवसानंतर मी हात घासले नाहीत. घासणं म्हणजे सरांचं म्हणणं कबूल करणं, एवढं मला तेव्हा कळलं होतं.

मी बाणावर नजर ठेवायला लागले. डावीकडे-उजवीकडे तो सुतासारखा जायचा. वर-खाली न्यायला गेलं की अडायचा. दोन दिवस मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून हे पडताळलं. हाताचा घाम असता तर त्यानं आडव्याला सोडून उभ्यालाच का धरलं असतं? मग मी हेमांगीला गाठलं. ती सकाळच्या बॅचला याच मशीनवर बसायची, तिचे वडील बँकेत होते. मी विचारलं, तुझा बाण नीट चालतो का? ती म्हणाली, "कुठं गं, उडतोच की. सर म्हणाले माउस जुना झालाय, नवीन आणू." मी तिथंच जिन्यात खाली बसले. तिच्या हातात उडाला तेव्हा माउस जुना, माझ्या हातात उडाला तेव्हा कातडी. खरी आग लागली ती त्या जिन्यात.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, माउस उघडून बघू या. ते म्हणाले, उघडायचा नाही, वॉरंटीत आहे. मी म्हटलं, जुना झालाय आणि वॉरंटीतही आहे? बॅचमधली दोन मुलं हसली आणि तिथंच माझी शंभरी भरली. सरांनी शांतपणे वही बंद केली. "लोपीस येतील त्या दिवशी तू बसू नकोस, सुनंदा. तुझ्या हाताखाली मशीन बिघडलं तर क्लासचं नाव जाईल." म्हणजे दिवाळीनंतर मिठाला, हे तिथंच ठरल्यासारखं झालं. घरी मी हे सांगितलं नाही. परीक्षेच्या दिवशी नेहमीसारखी वेणी घातली, डबा घेतला आणि निघाले.

मी पोचले तेव्हा तीन मुलं तीन मशीनवर बसली होती आणि तीन नंबरवर खोळ चढवलेली होती. लोपीस अंकल खुर्चीत बसले होते, अंगानं आडवे, पांढरा सदरा, गळ्यात बारीक क्रूस. मी सरळ गेले, खोळ काढली आणि बसले. अंकलनी विचारलं, "ही कोण?" सर म्हणाले, "आमचीच आहे, पण हिला बसवत नाही. हिच्या हातांचा जरा प्रॉब्लेम आहे. माउस चालत नाही हिच्या हाताखाली."

"चालवून दाखव पोरी," अंकल म्हणाले.

मी माउस पुढं सरकवला. बाण अडला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. सर म्हणाले, "बघितलंत?" मी उठले आणि एक नंबरवर बसलेल्या हेमांगीला म्हटलं, "जरा ये, हा धर." तिनं सरांकडं बघितलं, पण आली. तिच्या हातातही बाण कोपऱ्यात गेला. सर लगेच म्हणाले, "ही रोज हाताळते ना, त्यामुळं आता तो कुणाच्याच हातात चालायचा नाही." आता तोंडानं सांगून काही उपयोग नव्हता. मी माउस उलटा केला. पोटावर एक गोल झाकण असतं, ते अंगठ्यानं फिरवलं. सर "अगं, अगं" म्हणेतोवर गोळा माझ्या तळहातावर पडला होता.

आत दोन बारीक रूळ होते. एक स्वच्छ. दुसऱ्यावर लाल-पिवळा थर बसला होता, घट्ट, कडेनं सालपट सुटलेला. बाणाला वर-खाली नेणारा रूळ तो. मी माउस लोपीस अंकलपुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, नखानं कडा उचकटली आणि बोट नाकाशी नेलं. मग त्यांची नजर मशीनच्या माथ्यावर गेली. तिथं खंडेनवमीला सरांनी लावलेला कुंकवाचा टिळा वाळून अजून तसाच होता, चारही मशीनवर होता. अंकल खो खो हसले. "सावंत, तुमची पूजा या बिचाऱ्याच्या पोटात गेली की."

सरांचा चेहरा उतरला. त्यांना ते खरं वाटलं होतं. "मी तर वरच्यावर लावलं होतं," असं काहीतरी ते पुटपुटले, सदऱ्याला हात पुसू लागले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. पंधरा दिवस मी हाच क्षण मागत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती आधी सांगितली नाही कारण तोवर मलाही ती आठवली नव्हती. खंडेनवमीला सरांनी पूजा केली, प्रसाद वाटला आणि ते खाली गेले. फुलं गोळा करायला मी मागं राहिले होते. मशीनच्या माथ्यावरचा टिळा बघून मला वाटलं, हे काही बरोबर नाही. माथा काय काम करतो? कामाला टेकतो तो गोळा. मी तीन नंबरचा माउस उलटा केला, तबकातलं ओलं हळदकुंकू दोन बोटांवर घेतलं आणि गोळ्याला चांगलं भरपूर लावलं, जसं धारेला लावतात तसं. हात जोडले. आणि फुलांची पिशवी घेऊन घरी गेले. हे सगळं मला त्या रुळावरचा रंग बघताना आठवलं, अगदी बोटांना ओलं लागण्यासकट.

खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसले असते तर सर आयुष्यभर माझ्यापुढं मान खाली घालून वावरले असते. मला तसं करावंसं वाटलं, खूप वाटलं, ते मी लपवत नाही.

"सरांची पूजा नाही," मी म्हटलं. "हे कुंकू मी लावलंय. गोळ्याला."

"गोळ्याला?" अंकल म्हणाले.

"कामाला तोच टेकतो. आमच्याकडे धारेला लावतात."

सरांच्या जिवात जीव आला. ते ताठ झाले. "म्हणजे मी सांगत होतो तेच. बिघडलं ते तुझ्यामुळंच."

"चूक माझी आहे, सर," मी म्हटलं. "ती मी आत्ता नखानं खरवडून काढते. तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणत होतात, ते नखानं निघण्यातलं नव्हतं."

मी केसातली पिन काढली, रूळ फिरवत फिरवत थर खरवडला, गोळा ओढणीला पुसला, आत बसवला, झाकण फिरवलं. माउस टेबलावर ठेवला आणि बाण वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. तो मी नेईन तिथं जात होता. मग मी पत्रिकेला बसले. तासातली पंधरा मिनिटं गेली होती, त्यामुळं माझी चौकट पुरी झाली नाही आणि आहेर आणू नये ही ओळ राहून गेली. हेमांगीची पत्रिका पुरी झाली होती, देखणीही होती.

लोपीस अंकलनी चारही कागद बघितले आणि माझा बाजूला ठेवला. "सोमवारपासून ये," म्हणाले. "चौकट शिकवता येते. आणि माझ्याकडे कुंकू वरून लावायचं, काय?" त्या छापखान्यात मी सतरा वर्षं काढली. आयला मी सगळं सांगितलं तेव्हा ती डोक्याला हात लावून म्हणाली, "धारंला लावतात, मंग दुसरे दिशी धार धुवून घेतात गो. मंगच कामाला जातात. तू धुवलासच नाय?" ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. दरवर्षी दसऱ्याच्या पहाटे, मी झोपेत असताना, हत्यारं तीच धुवून ठेवायची.

एक गोष्ट मात्र घरी सांगितली नाही. त्या दिवशी मी क्लासबाहेर चपला घालत होते तेव्हा सर दारात आले. चौकटीला हात टेकून उभे राहिले.

"लोपीसांनी माझ्यावरच घातलं होतं," ते म्हणाले. "तू गप्प बसली असतीस तरी चाललं असतं."

"हो, सर."

"मग का बोललीस?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"तुम्ही न बघता बोललात, सर. मी उघडून बघितलं होतं."